पावसाचं स्पॅनिश : मधे इंग्रजी कशाला?

दरवर्षी एप्रिलमध्ये हवामान खात्याचा पहिला अंदाज आला की स्पॅनिश भाषा थेट आपल्या बाजार समित्यांपर्यंत पोचते. 'यंदा एल निनो आहे म्हणे,' असं म्हणणाऱ्याने स्पॅनिशचा एक धडाही गिरवलेला नसतो. मूळ उच्चार 'एल नीन्यो'. नीन्यो म्हणजे लहान मुलगा, आणि इथे बाळ येशू. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर, पाइता बंदराकडचे दर्यावर्दी नाताळच्या सुमारास येणाऱ्या गरम प्रवाहाला हे नाव द्यायचे. पुढे शास्त्रज्ञांनी ते उचललं आणि प्रशांत महासागराच्या मोठ्या पट्ट्याच्या तापण्याला लावलं. 'ला नीन्या', म्हणजे मुलगी, नंतर आली. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तेव्हा पेरूच्या कोळ्यांचा हा शब्द आपल्या विहिरींच्या तळापर्यंत जाऊन आला होता.

म्हणजे पाण्यापावसाच्या स्पॅनिशशी तोंडओळख आहेच. घोटाळा होतो तो शिकायला बसल्यावर. मोबाइलवरची ॲपं आणि बहुतेक पुस्तकं प्रत्येक शब्द इंग्रजीतून समजावतात. हा म्हणजे 'रेन', तो म्हणजे 'ड्रिझल'. मग आपण तो इंग्रजीतून मराठीत आणतो. दोनदा गाडी बदलताना बरंच सामान फलाटावर राहतं. पाण्याच्या बाबतीत तरी हे मधलं स्टेशन गाळावं, असं माझं मत आहे. पाऊस, नळ, पाट, बागायत यांच्याविषयी या दोन भाषा कितीतरी वेळा सारखं बोलतात, आणि इंग्रजी मधे आलं की सोपी गोष्ट अवघड होते.

कोण उजाडलं?

पाऊस म्हणजे 'युब्या'. पाऊस पडणे या अर्थाचं क्रियापद 'योबेर'. आणि 'पाऊस पडतो' याला नुसतं 'य्वेबे'. एका शब्दात वाक्य संपलं. इंग्रजीतून शिकणारा इथे अडखळतो, कारण त्याला कर्ता हवा असतो. 'इट' कुठे गेलं, असं तो विचारतो.

आपल्याला हे विचारायची गरज नाही. 'उजाडलं', 'उकडतंय', 'गडगडतंय' असं आपण दिवसभर म्हणतो. कोण उजाडलं? कुणीच नाही. क्रिया झाली, करणारा नाही. स्पॅनिशमध्ये उजाडण्याचंही तसंच, 'आमानेसे'. मराठीने पावसाला मात्र कर्ता दिला, तो 'पडतो' आणि 'येतो'. स्पॅनिशने त्यालाही उजाडण्याच्या रांगेत बसवलं. 'य्वेबे' ऐकलं की 'पावसतंय' असं काहीतरी मनात म्हणा, नियम पाठ करावा लागणार नाही.

रूपं थोडी आहेत आणि रोज लागतात. आत्ता पडतोय, 'एस्ता योब्येन्दो'. काल पडला, 'योब्यो'. पडत होता, 'योबीआ'. पडणार आहे, 'बा आ योबेर'. 'योबेर'मधल्या 'ओ'चा वर्तमानकाळात 'वे' का होतो? त्या स्वरावर आघात आला की तो फुटतो. गडगडण्याच्या 'त्रोनार'चंही 'त्र्वेना' होतं.

उच्चाराविषयी एकदाच सांगतो. 'एल' हे अक्षर दोनदा लिहिलेलं दिसलं की बहुतेक ठिकाणी 'य' वाचायचं. ब्वेनोस आइरेसमध्ये त्याचा 'श' होतो, तिथे पाऊस 'शुब्या' असतो. आणि 'व्ही' लिहिलेलं असलं तरी ऐकू येतं ते 'ब', तेही ओठ पुरते न मिटवता.

पाणी : तो की ती?

पाणी म्हणजे 'आग्वा'. स्पॅनिशमध्ये नपुंसकलिंगी नामं नाहीत, त्यामुळे त्याला बाजू घ्यावी लागली, आणि ते स्त्रीलिंगी झालं. स्त्रीलिंगी नामाआधी 'ला' लागतं, पुल्लिंगीआधी 'एल'. आता गंमत पाहा, पाण्याआधी 'एल' लागतं. 'एल आग्वा'. पण थंड पाणी म्हणताना विशेषण स्त्रीलिंगीच, 'एल आग्वा फ्रीआ'. अनेकवचनात पुन्हा 'लास आग्वास'.

शिकणारे इथे वैतागतात. कारण साधं आहे. जुन्या भाषेत ही स्त्रीलिंगी खूण 'एला' अशी होती. पुढे आघाताचा 'आ' आला की दोन 'आ' एकमेकांवर आदळायचे, आणि एक गळून जायचा. 'विद्या + आलय'चं आपण 'विद्यालय' करतो, त्याच आळसाची ही भावंडं. बाकीच्या शब्दांआधी 'एला'चा 'ए' गळून 'ला' उरलं, इथे शेवटचा 'आ' गळून 'एल' उरलं. म्हणजे हा 'एल' पुरुष नाहीच, ती अर्धी झालेली 'एला' आहे. म्हणून 'पुष्कळ पाणी' हे 'मुचा आग्वा', 'मुचो' नव्हे. 'हे पाणी' म्हणताना स्पॅनिश लोकही सर्रास पुल्लिंगी 'एस्ते आग्वा' म्हणून जातात आणि व्याकरणवाल्यांची बोलणी खातात. तुमची चूक झाली तर फार मनाला लावून घेऊ नका.

तुमच्या घरातली चावी

आता माझा आवडता भाग. 'चावी' हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला, त्यांच्या 'चावे'वरून. किल्लीला स्पॅनिशमध्ये म्हणतात 'याबे'. दोन्हींचा आजा लॅटिन, तिथे सुरुवात 'क्ल'ने व्हायची. लॅटिनमधला शब्दारंभीचा क्ल, प्ल, फ्ल पोर्तुगीजमध्ये 'च' झाला आणि स्पॅनिशमध्ये तो दुहेरी 'एल', म्हणजे 'य'.

या एका नियमाने पाऊस उलगडतो. लॅटिन 'प्लूविया', पोर्तुगीज 'चुवा', स्पॅनिश 'युब्या'. भरलेला या अर्थाचा लॅटिन 'प्लेनुस' स्पॅनिशमध्ये 'येनो' झाला, आणि तो आपल्या 'पूर्ण'चा लांबचा भाऊ आहे. 'प्लूविया'चंही नातं संस्कृतच्या 'प्लु' धातूशी लागतं, ज्यातून आपल्याकडे 'आप्लावित' आणि 'जलप्लावन' आले. तेव्हा 'युब्या' परकी वाटली तरी तिच्या मुळाशी प्लावनच आहे. आणि स्पॅनिश हवामान अंदाजात हमखास येणारा 'चुबास्को', म्हणजे वाऱ्यासकट आलेली सर, हा 'च' घेऊन का आला? कारण तो पोर्तुगीजांकडून उसना घेतलेला आहे, आपल्या चावीसारखाच.

'याबे' इथे संपत नाही. मेक्सिकोत आणि इतर बऱ्याच ठिकाणी नळाच्या तोटीलाही 'याबे'च म्हणतात. मुंबईकराला हे कळायला वेळ लागू नये, पालिकेचा जो माणूस गल्लीतल्या पाण्याचा व्हॉल्व फिरवतो त्याला आपण 'चावीवाला'च म्हणतो. स्पेनमध्ये मात्र तोटी म्हणजे 'ग्रीफो'. हाच 'ग्रीफो' पेरूमध्ये पेट्रोल पंप होतो आणि चिलीमध्ये अग्निशमन दलाचा रस्त्यावरचा नळ. आर्जेंटिनात तोटीला 'कानीशा' म्हणतात. प्लंबर बोलावण्याआधी आपण कुठल्या देशात आहोत हे आठवलेलं बरं.

चिरीमिरी आणि बावळटांचा पाऊस

पावसाच्या जातींकडे येऊ. भुरभुर म्हणजे 'योबीस्ना', आणि ती सगळीकडे चालते. अचानक आलेली जोरदार सर 'आग्वासेरो' किंवा 'चापार्रोन'. विजा आणि गडगडाट असेल तर 'तोर्मेन्ता'. एवढ्यावर कुठेही भागतं.

खरी मजा भुरभुरीतच आहे. स्पेनचा उत्तर किनारा अटलांटिकच्या ओल्या वाऱ्यांखाली येतो, आणि तिथे मुसळधारेपेक्षा हा बारीक, चिवट पाऊसच जास्त नांदतो. बास्क मुलुखात त्याला 'सिरीमिरी' म्हणतात, त्याचंच दुसरं रूप 'चिरीमिरी'. हो, अगदी आपली चिरीमिरी. नातं काहीही नाही, पण लक्षात ठेवायला याहून चांगली युक्ती मला सापडलेली नाही. थोडं थोडं, सतत, आणि कळेकळेपर्यंत माणूस पुरता ओला. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातल्या गॅलिसियात हाच पाऊस 'ओर्बायो'. आणि सर्वांत झकास नाव 'कालाबोबोस'. 'कालार' म्हणजे आतपर्यंत भिजवणं, 'बोबोस' म्हणजे बावळट. एवढ्याशा भुरभुरीला काय छत्री उघडायची, असं म्हणून निघणाऱ्याला चिंब करणारा पाऊस. अंधेरीहून दादरला जाणाऱ्या कुणालाही हा परिचित आहे, फक्त आपण त्याला नाव दिलेलं नाही.

पेरूची राजधानी लिमा वाळवंटाच्या कडेला वसलेली आहे. तिथे खरा पाऊस जवळजवळ पडतच नाही, पण थंडीच्या महिन्यांत समुद्रावरचं धुकं तुषारांसारखं उतरतं. त्याला 'गारूआ' म्हणतात. मेक्सिकोच्या आखाती किनाऱ्यावर तशाच बारीक पावसाला 'चिपीचिपी'.

गॅलिसियात पावसाला सत्तर-ऐंशी शब्द आहेत अशा याद्या फिरत असतात. त्या वाचाव्यात, पाठ करू नयेत. ते शब्द मुळात गॅलिसियन भाषेचे, जी स्पॅनिशहून वेगळी आहे. आपल्याकडे पुनर्वसूचा पाऊस 'तरणा' आणि पुष्याचा 'म्हातारा' असतो. परक्या माणसाने मराठी शिकताना तिथून सुरुवात केली तर आपण त्याला प्रेमाने थांबवूच की.

बातमीतला 'दाना' म्हणजे कोण?

२०२४ च्या ऑक्टोबर अखेरीस मराठी वाचकाची गंमतशीर पंचाईत झाली. २५ तारखेला ओडिशाच्या किनाऱ्यावर 'दाना' चक्रीवादळ धडकलं. चार दिवसांनी स्पेनमधल्या बालेन्सियात, ज्याला आपण व्हॅलेन्सिया म्हणतो, महापूर आला, आणि तिथली वर्तमानपत्रंही 'ला दाना' म्हणत होती. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. ओडिशाचा 'दाना' हे कतारने सुचवलेलं वादळाचं नाव. स्पेनचा 'दाना' ही चार शब्दांची आद्याक्षरं आहेत, त्यांचा अर्थ 'उंचावर सुटा पडलेला कमी दाबाचा पट्टा'. थंड हवेचा एक भोवरा वरच्या मुख्य प्रवाहापासून तुटतो आणि एकाच जागी घुटमळतो. खाली भूमध्य समुद्र उन्हाळाभर तापलेला. ती दमट, गरम हवा वर चढते आणि एकाच खोऱ्यावर रिती होते. जुन्या पिढीचे लोक याला 'गोता फ्रीआ', म्हणजे थंड थेंब, म्हणतात. ते जर्मन संज्ञेचं भाषांतर होतं.

तिथल्या बातम्यांत पाऊस बरेचदा मिलिमीटरमध्ये सांगत नाहीत. ते म्हणतात 'लीत्रोस पोर मेत्रो क्वाद्रादो', चौरस मीटरला इतके लिटर. आकडा तोच राहतो. एक चौरस मीटर फरशीवर एक लिटर पाणी पसरलं की त्याची उंची बरोबर एक मिलिमीटर भरते. मला ही पद्धत जास्त बोलकी वाटते. त्या २९ ऑक्टोबरला तुरीस गावी एका तासात चौरस मीटरला १८४.६ लिटर पाऊस नोंदला गेला. दहा बाय दहा फुटांच्या गच्चीवर हे १,७०० लिटरहून जास्त होतं, हजार लिटरची काळी टाकी भरून दुसरी अर्ध्याहून वर, तेही तासाभरात. दिवसभराची तिथली नोंद होती ७७१.८. आपल्याकडे २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता. फरक असा, की मुंबईच्या वर्षभराच्या पावसात तेवढा एक तुकडा मावतो, आणि बालेन्सियाकडे सबंध वर्षातही इतका पडत नाही.

इथे शब्द नीट कळणं जिवावरचं ठरतं. 'युब्या' म्हणजे पडणारा पाऊस, 'रियादा' म्हणजे नदी-ओढ्यातून आलेला लोंढा. दोनशेहून अधिक माणसं त्या पुरात गेली. सर्वांत जास्त झळ पोचलेल्यांपैकी पाइपोर्ता गावात त्या दिवशी पाऊस जेमतेमच पडला होता. पाणी आलं ते वरच्या अंगाला पडलेल्या पावसाचं, एरवी कोरड्या असणाऱ्या पात्रातून. अशा पात्राला 'राम्ब्ला' किंवा 'बार्रांको' म्हणतात. राम्ब्ला हा शब्द अरबी, मूळ अर्थ वाळू. बार्सिलोनाचा पर्यटकांनी गजबजलेला राम्ब्ला रस्ताही एकेकाळी असाच ओढा होता. मिठी नदीला नाला समजून तिच्या काठी घरं बांधणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको.

हिवाळा म्हणजे पावसाळा?

पुस्तकात लिहिलेलं असतं : 'इन्ब्येर्नो' म्हणजे हिवाळा, 'बेरानो' म्हणजे उन्हाळा. स्पेनमध्ये खरं. पण कोस्टा रिकात जुलैमध्ये छत्रीखाली उभा असलेला माणूस तुम्हाला सांगेल की सध्या 'इन्ब्येर्नो' चालू आहे. तो चुकत नाहीये. मध्य अमेरिकेत आणि कोलंबियाच्या बऱ्याच भागात वर्षाचे दोनच मोसम, ओला आणि कोरडा. स्पेनहून आलेल्यांनी आपले जुने शब्द त्यांनाच चिकटवले. ओला तो 'इन्ब्येर्नो', साधारण मे ते नोव्हेंबर. कोरडा तो 'बेरानो'. ऐन पावसाळ्यात आठ-पंधरा दिवस उघडीप मिळाली की ती 'बेरानीयो', छोटा उन्हाळा. आपली 'उघडीप' शब्दाला शब्द जुळत नाही, पण भावना तीच.

आपल्या 'पावसाळ्या'ला जोडशब्दच वापरावा लागतो, 'तेम्पोरादा दे युब्यास'. मान्सूनला मात्र त्यांच्याकडे 'मोन्सोन' आहे. तो अरबी 'मौसिम'पासून पोर्तुगीजमार्गे गेला, आणि त्याच 'मौसिम'पासून आपला 'मोसम' आला.

पाटकऱ्याला काय म्हणाल?

हे इंग्रजीतून शिकूनच बघा. जिरायती शेतीला स्पॅनिशमध्ये एक शब्द आहे, 'सेकानो'. बागायतीला एक, 'रेगादीओ'. इंग्रजीत दोन्हींसाठी दोन-दोन शब्द जोडावे लागतात, आपल्याला नाही. मेक्सिकोत जिरायती मक्याला 'माईस दे तेम्पोराल' म्हणतात. पण स्पेनमध्ये 'तेम्पोराल' म्हणजे वादळी हवा, तेव्हा सांभाळून. पाट म्हणजे 'आसेक्या', बंधारा म्हणजे 'आसूद', पाणी उचलणारं रहाटचक्र 'नोरिया', पावसाचं पाणी साठवायची टाकी 'आल्खीबे'. पाटकरी? 'आसेक्येरो'. ठिबक सिंचन 'र्येगो पोर गोतेओ', ज्यात 'गोता' म्हणजे थेंब.

यातले बरेच शब्द अरबी आहेत. आठव्या ते पंधराव्या शतकापर्यंत स्पेनचा कमीअधिक भाग अरबी बोलणाऱ्या राज्यकर्त्यांखाली होता, आणि पाट खणण्याबरोबर त्यांची नावंही तिथे रुजली. 'ग्वादाल्कीबीर' ही नदी म्हणजे अरबी 'वादी अल-कबीर', मोठी नदी. आपला 'हौद' फारसीमार्गे आलेला अरबीच आहे, आणि मलिक अंबरच्या खडकीतली, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातली, 'नहर'सुद्धा.

बालेन्सियात अजूनही दर गुरुवारी दुपारी बाराला कॅथीड्रलच्या प्रेषितांच्या दारापाशी पाणी-न्यायसभा भरते. पाटांवरच्या शेतकऱ्यांनीच निवडलेले प्रतिनिधी काळे झगे घालून बसतात आणि कुणी कुणाचं पाणी चोरलं याचा निवाडा तोंडी, जागच्या जागी करतात. २००९ मध्ये युनेस्कोने तिची अमूर्त वारशात नोंद केली. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत बंधाऱ्याच्या पाण्याची वाटणी शेतकरीच ठरवतात. ती पाहिलेल्या माणसाला या सभेत फक्त झगे नवीन वाटतील.

एवढं कशाला, 'युब्या' पुरे नाही का?

आठ दिवसांच्या सहलीला पुरे आहे. 'आग्वा सिन गास', बुडबुडे नसलेलं पाणी, एवढं मागता आलं की झालं. पण माणसांशी बोलायचं असेल तर पाणी बोलण्यात सगळीकडे शिरतं, आणि तिथे तर मराठी माणसाला फुकटच मिळकत आहे. तोंडाला पाणी सुटलं, हे स्पॅनिशमध्येही तोंडाचं पाणी होणंच : 'से मे आसे ला बोका आग्वा'. गळ्यापर्यंत पाणी आलं, 'कोन एल आग्वा आल क्वेयो'. गोडं पाणी, म्हणजे खारं नसलेलं, 'आग्वा दुल्से', शब्दशः गोड पाणी. इंग्रजीवाल्याला हे ऐकून साखरपाणी आठवतं. धो धो कोसळतोय याला 'य्वेबे आ कान्तारोस', घागरींनी ओततोय. कुणी आपलं बोलणं पालथ्या घड्यावर पाण्यासारखं वाहून जाऊ दिलं, तर तो 'कोमो क्येन ओये योबेर' वागला, पाऊस ऐकत बसावं तसा. आणि भिजलेल्यावरच पुन्हा पाऊस पडणं, 'योबेर सोब्रे मोखादो', याला आपल्याकडे दुष्काळात तेरावा महिना आहे. त्यांच्याकडे अडचण ओली असते, आपल्याकडे कोरडी.

फसवे शब्दही आहेत. 'आग्वाकाते'त पाणी नाही, तो अवोकाडो, नावात मेक्सिकोची नाहुआत्ल भाषा. 'पाराग्वास', पाणी थांबवणारी, ती छत्री. आणि मेक्सिकोत कुणी मागून '¡आग्वास!' ओरडलं तर पाणी शोधू नका, बाजूला व्हा. त्याचा अर्थ 'सांभाळा'.

मग कुठल्या देशाचं शिकू?

जिथे जायचंय किंवा ज्यांच्याशी बोलायचंय तिथलं. ठरलेलं नसेल तर मला विचाराल तर एक उद्योग सुचवतो. गॅलिसियातलं सान्तियागो, बालेन्सिया, कोस्टा रिकातलं सान होसे आणि लिमा, या चार ठिकाणांचा स्थानिक हवामान अंदाज आठवड्यातून दोनदा स्पॅनिशमध्ये वाचा. वाक्यं छोटी असतात, शब्द तेच तेच येतात, आणि उद्याची तारीख असल्यामुळे अर्थ बरोबर लागला का हे दुसऱ्या दिवशी कळतं. पिवळा, केशरी, लाल इशारा तर आपल्याकडच्यासारखाच, 'आमारीयो', 'नारान्खा', 'रोखो'.

लिमाचं पान सुरुवातीला कंटाळवाणं वाटेल. महिनोन्‌महिने ढग आणि गारूआ. पण एल नीन्योच्या वर्षी तेच पान बदलतं. २०१७ च्या सुरुवातीला पेरूच्या किनाऱ्याजवळचं पाणी तापलं, कोरड्या डोंगरांवर पाऊस कोसळला आणि दऱ्यांतून चिखल-दगडांचे लोंढे उतरले. त्याला पेरूमध्ये 'वाइको' म्हणतात. हा शब्द लॅटिनही नाही, अरबीही नाही. तो केचुआ, अँडीज पर्वतातल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला. स्पॅनिश माणूस तिथे पोचण्याच्या कितीतरी आधीपासून तो लोंढा तिथे येत होता.